कै. बाळासाहेब खेर : सरकारी तिजोरी आणि रानातली झोपडी

शहापूर व मुरबाड हे आमच्या ठाणे जिल्ह्याचे पूर्वेकडील दोन तालुके होत. एकीकडे माहुलीचे सुळके, दुसरीकडे माळशेज व नाणेघाट ह्या पुरातन वाटा, आणि मधल्या दऱ्याखोऱ्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली ह्या लोकांच्या वाड्या, असा हा मुलूख आहे. मुंबई शहर जसजसे वाढत गेले तसतसे ह्या मुलखाने त्यास पुष्कळ दिले. इमारतींस साग व ऐन दिला, चुलींस कोळसा दिला, घोड्यागुरांस गवत दिले, आणि १८९२ साली तानसा तलाव पुरा झाल्यावर पिण्यास पाणीही दिले. इतके सर्व ज्या रानातून गेले, त्या रानातल्या माणसाकडे सरकारी तिजोरीतून परत काय आले? आणि जे आले ते त्याच्या झोपडीच्या दारापर्यंत पोचले, की वाटेतच कोणाच्या वखारीत व पेढीत जिरले? हा प्रश्न ज्यांनी सत्तेच्या खुर्चीवर असतानाही मनातून जाऊ दिला नाही, आणि खुर्ची सुटल्यावर तर पायी हिंडून त्याचे उत्तर शोधिले, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही आज आमच्या बालवाचकांपुढे ठेवीत आहोत. हे पुरुष म्हणजे मुंबई इलाख्याचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान कै. बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर हे होत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे एका मध्यम स्थितीतील ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे बालपण जमखंडी संस्थानातील कुंदगोळ येथे गेले. पुढे विद्येसाठी ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कुलात व तेथून मुंबईस विल्सन कॉलेजात आले. स्कॉटलंडातून आलेल्या जॉन विल्सन ह्या मिशनऱ्याच्या नावाने चालणाऱ्या ह्या कॉलेजातून १९०८ साली ते बी. ए. झाले, आणि संस्कृत विषयातील प्राविण्याबद्दल त्यांस पारितोषिकही मिळाले. नंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बीमन ह्यांचे चिटणीस म्हणून काही वर्षे काम केल्यावर १९१८ च्या सुमारास त्यांनी भागीदारीत सॉलिसिटरची पेढी काढिली. पेढी उत्तम चालली. एवढ्यावरच ते संतुष्ट राहिले असते तर मुंबईतील एक सधन व सज्जन वकील ह्यापलीकडे त्यांची ओळख उरली नसती.

परंतु तो काळच निराळा होता. गांधीजींच्या चळवळीने सुखवस्तू घरांतील माणसांसही स्वस्थ बसू दिले नाही. १९२२ च्या सुमारास बाळासाहेब स्वराज्य पक्षाच्या कामात पडले. १९३० च्या सत्याग्रहात त्यांस कारावास घडला, आणि १९३२ साली पुन्हा शिक्षा झाली. तुरुंगाने पुष्कळांची प्रकृती मोडली. बाळासाहेबांच्या बाबतीत त्याने एक गोष्ट घडविली, ती ही की, हायकोर्टाच्या आवारातून दिसणारे जग आणि खेड्यातून दिसणारे जग ही दोन वेगळी जगे आहेत हे त्यांच्या मनात कायमचे ठसले.

आता ज्या रानाशी त्यांचा संबंध यावयाचा होता त्याची हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली. सरकारास लाकडाचे उत्पन्न हवे होते व जंगलाचा नाशही टाळावयाचा होता; ह्या दोन्ही हेतूंत वावगे काही नव्हते. पण आमच्याकडील भाताचे रोप राबावर होते. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण जमिनीवर पसरून भाजल्यावाचून कोकणच्या शेतकऱ्याचा भाताचा वाफा तयार होत नाही. ह्या राबाच्या टहाळ्यांवर निर्बंध येताच ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की, १८८५ साली सरकारास त्यासाठी खास कमिशन नेमावे लागले. डोंगरावरील दळी जमीन कसणारा कातकरी व ठाकूर तर ह्याहूनही अधिक अडचणीत सापडला. पूर्वी जे रान त्याचे अंगण होते, तेथे तो आता मजूर म्हणून जाऊ लागला.

मजूर तरी कोणाचा? तोडीस आलेल्या जंगलाचे भाग पाडीत. त्यांस कूप म्हणत. कुपांचा लिलाव होई आणि जो ठेकेदार अधिक बोली बोले त्यास कूप मिळे. ठेकेदाराचा मुकादम पावसाळ्याच्या तोंडी वाडीवर येऊन उचल देई. आषाढ-श्रावणात घरातील नागली-वरी संपलेली असे, म्हणून उचल घ्यावी लागे. पुढे हिवाळ्याउन्हाळ्यात कुऱ्हाड चालवून ती फेडावयाची. हिशेबाची वही मुकादमाच्या हाती, आणि वाचता येणारा वाडीत कोणी नाही. सावकाराकडून खावटीसाठी आणलेले धान्य वाढीदिढीने परत करावयाचे. जिल्ह्याच्या काही भागांत तर लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराकडे राबत. अशा गड्यास लग्नगडी हेच नाव पडले होते. एवंच, जंगलाचे उत्पन्न सरकारास मिळे, नफा ठेकेदारास मिळे, आणि ज्याच्या घामाने झाड पडे त्यास फक्त पुढील वर्षाचे कर्ज मिळे.

१९३७ साली प्रांतिक स्वायत्ततेचा कायदा अमलात आला व निवडणुका झाल्या. मुंबईत काँग्रेस पक्षाचा नेता कोण व्हावा ह्याविषयी तेव्हा बराच वाद माजला. नरीमन ह्यांचे नाव पुष्कळांच्या तोंडी होते, आणि त्यांस डावलले गेल्याची रुखरुख मुंबईत दीर्घकाळ राहिली. अखेर बाळासाहेबांची निवड झाली, आणि १९ जुलै १९३७ रोजी त्यांनी पंतप्रधानकीची सूत्रे हाती घेतली. काँग्रेसच्या मंत्र्यांनी दरमहा ५०० रुपयांवर वेतन घ्यावयाचे नाही असा निर्बंध त्यांनी स्वतःवर घालून घेतला होता.

ह्या मंत्रिमंडळाचे आयुष्य सव्वादोन वर्षांचेच ठरले. तेवढ्यात खेड्यांसाठी झालेली कामे मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. जंगलातील गुरचराईची फी माफ झाली. कर्जबाजारी शेतकऱ्यांस दिलासा देणारा व कुळांस संरक्षण देणारा असे दोन कायदे १९३९ साली झाले. दारूबंदीस आरंभ झाला. तिच्यामुळे तिजोरीचे उत्पन्न घटले व शहरातील मालमत्तेवर कर बसवावा लागला, म्हणून टीकाही पुष्कळ झाली. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट फारसा गाजावाजा न होता घडली. सिमिंग्टन नावाच्या एका आय. सी. एस. अधिकाऱ्यास सरकारने इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यास सांगितले. हा अधिकारी परका असूनही त्याने जे पाहिले ते आडपडदा न ठेवता लिहिले. वेठबिगार, मारहाण, कर्जाची गुलामी, ठेकेदारांची अपुरी मजुरी, सरकारी नोकरांची फुकट सरबराई, ही सर्व त्याने कागदावर उतरविली, आणि जंगलकामातून मधला ठेकेदार दूर करावा ही दिशा दाखविली.

येथे एक गोष्ट आमच्या तालुक्यांतील वाचकांनी लक्षात घ्यावी. ही चौकशी कायद्याने ज्यांस अंशतः वगळलेले प्रदेश म्हटले होते तेवढ्यांपुरती होती. ठाणे जिल्ह्यात त्यांत डहाणू, शहापूर, उंबरगाव व मोखाडा एवढेच भाग येत. मुरबाड त्यांत नव्हते. मुरबाडचा ठाकूर मोखाड्याच्या ठाकुराहून सुखी होता असे नव्हे. नकाशावरची रेघ तेवढी त्याच्या वाडीपासून दूर गेली होती. सरकारी मदतीचा पहिला अडथळा पुष्कळदा असा कागदावरच असतो. पुढे अनुसूचित क्षेत्र ठरविताना ही उणीव काही अंशी भरून निघाली, आणि १९८५ च्या आदेशात सबंध शहापूर तालुक्याबरोबर मुरबाडातील काही गावेही समाविष्ट झाली.

महायुद्ध सुरू होताच, लोकांस न विचारता हिंदुस्थानास युद्धात गोविले ह्या कारणावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सिमिंग्टनचा अहवाल दप्तरात राहिला. सामान्य पुढाऱ्याने येथे हात झटकले असते व सत्ता नाही म्हणून उपाय नाही असे मानिले असते. बाळासाहेबांनी तसे केले नाही. १९४० साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. ठक्कर बाप्पांनी १९२२ साली दाहोदकडे भिल्ल सेवा मंडळ काढून जो मार्ग घालून दिला होता तोच हा मार्ग होता. बोर्डीचे आचार्य भिसे ह्यांच्यासारखे शिक्षक ह्या कार्यास लाभले. शाळा, वसतिगृहे, औषधपाणी असे ते काम चाले. एका काळी ज्याच्या सहीने कोट्यवधींचा खर्च मंजूर होत असे, तो मनुष्य आता वाडीतील चार मुलांच्या जेवणाखाण्याची तजवीज कशी करावी ह्याची चिंता वाहू लागला. ह्यात काही कमीपणा आहे असे त्यांस वाटले नाही. मध्यंतरी वैयक्तिक सत्याग्रहात व १९४२ च्या आंदोलनात त्यांस पुन्हा तुरुंगात जावे लागले. १९४४ साली ते सुटले.

ह्या सेवेचा मोठा लाभ असा झाला की, सरकार व रान ह्यांमध्ये उभी राहील अशी माणसे तयार झाली. आमच्या मते बाळासाहेबांच्या चरित्राचे मर्म येथेच आहे. तिजोरीतील रुपया आपोआप चालत वाडीवर जात नाही. त्यास वाट हवी. ठेकेदाराची वाट आयती असते म्हणून रुपया तिकडे वळतो. ती वाट बंद करावयाची तर दुसरी आधी बांधून ठेविली पाहिजे.

१९४६ साली बाळासाहेब पुन्हा पंतप्रधान झाले. पण ते परत आले तेव्हा रान शांत नव्हते. जानेवारी १९४५ मध्ये आमच्या शेजारीच टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली होती. शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांनी उंबरगाव व डहाणूकडील वारल्यांस संघटित केले आणि वारल्यांनी वेठ व लग्नगड्याची चाल झुगारून दिली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, गव्हर्नरची राजवट असताना, तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला. पुढे गवतकापणीस व जंगलकामास वाजवी मजुरी मिळावी म्हणून संप झाले; जंगलकामास दररोज सव्वा रुपया ही त्यांतील एक मागणी होती. मागणी अवाजवी नव्हती. सिमिंग्टनने जे कागदावर लिहिले होते तेच वारली आता आपल्या तोंडाने बोलत होता, एवढेच.

ह्या प्रसंगी बाळासाहेबांच्या सरकारने परुळेकरांस जिल्ह्याबाहेर घालविले, पोलिसांचा बंदोबस्त वाढविला, आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथे पोलिसांच्या गोळ्यांनी आदिवासींचे बळी घेतले. चरित्र लिहिताना हा भाग गाळणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांनी आदिवासींच्या सेवेसाठी मंडळ काढिले त्यांच्याच अमलात हे घडले. सरकारास दंग्याची व फितवणीची भीती वाटली. कष्टकऱ्यास मात्र सरकार पुन्हा जमीनदाराच्या अंगणात उभे असलेले दिसले. दुसऱ्या बाजूची हकिकत गोदावरीबाईंनी पुढे १९७० साली आपल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथात सांगितली आहे. ती विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. सेवा करणाऱ्यास कधी कधी असे वाटू लागते की, ज्याची आपण सेवा करितो त्याने आपल्याच द्वारे बोलावे. थोर मनुष्यासही हा मोह आवरत नाही असे आम्हांस ह्या प्रसंगावरून दिसते.

परंतु बाळासाहेबांची योग्यता ह्यात दिसते की, बंदोबस्तावर ते थांबले नाहीत. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. त्यांचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता हे सहकाराचे जाणते पुरस्कर्ते होते. ह्या संस्थांची रीत अशी: कूप लिलावात न काढता ठरावीक किमतीवर संस्थेस द्यावयाचे. सभासद म्हणजे प्रत्यक्ष कुऱ्हाड चालविणारे लोक. त्यांनी तोड करावी, ओंडके रचावे, कोळसा पाडावा. मजुरी ठरलेल्या दराने रोख मिळावी. आणि माल विकून जे उरेल त्याचा वाटा ठेकेदाराच्या पेढीत न जाता सभासदांकडे व त्यांच्या हिताच्या कामांकडे यावा. हिशेब ठेवणारे व कोर्टकचेरी जाणणारे माणूस वाडीत नसल्याने प्रत्येक संस्थेस एक सेवाभावी संस्था पालक म्हणून दिली जाई. ठाणे जिल्ह्यात हे पालकत्व आदिवासी सेवा मंडळाकडे आले. सात वर्षांपूर्वी खासगी रीतीने बांधलेली वाट अशी सरकारच्या कामी आली.

ह्या योजनेत सरकारने उघड्या हाताने पैसा वाटला नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सरकारने लिलावातील चढ्या बोलीचा लोभ सोडला. तिजोरीने आपणहून सोडलेले हे उत्पन्न म्हणजे एक प्रकारचा खर्चच होय; पण तो खर्च असा होता की, त्यातील प्रत्येक आणा कुऱ्हाड धरणाऱ्याच्या हाताशी येऊन पडावा. संस्था सर्वच निर्दोष चालल्या असे आम्ही म्हणत नाही. कोठे सभासद नावालाच राहिले व सूत्रे जुन्याच मुकादमांच्या हाती गेली, कोठे पालकच मालक होऊन बसले. पुढे, १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतरच्या काळात, जंगलतोड आखडत गेली तेव्हा पुष्कळ संस्थांचे कामही आटले. तथापि आपल्या कुपाचा हिशेब आपणांस विचारता येतो, ही गोष्ट वाडीवरील मनुष्य प्रथम ह्या संस्थांतच शिकला.

शेतीकडेही असेच लक्ष गेले. १९४८ च्या कुळकायद्याने खंडास मर्यादा घातली; कोरडवाहू जमिनीस पिकाचा तिसरा व बागायतीस चौथा हिस्सा ह्याहून अधिक खंड घेऊ नये असे ठरले. सावकारीवर परवान्याचे बंधन आले. खावटीसाठी सावकाराचे दार धरावे लागू नये म्हणून सहकारी संस्थांमार्फत खावटी कर्ज देण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिची बीजेही ह्याच काळच्या विचारांत आहेत. १९४८-४९ साली सर्वोदय योजना निघाली. एखादा मागासलेला टापू निवडावा, तेथे शेती, रस्ते, विहिरी, शाळा व ग्रामोद्योग ह्यांवर एकवटून खर्च करावा, आणि तो खर्च गांधीजींच्या विचाराच्या कार्यकर्त्यांच्या हातून व्हावा, अशी तिची मांडणी होती. देशभर समूह विकास योजना सुरू झाली ती ह्यानंतर, २ ऑक्टोबर १९५२ रोजी.

शिक्षणखाते बाळासाहेबांनी स्वतःकडेच ठेविले होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा व पुणे विद्यापीठाची स्थापना ही त्यांच्याच कारकिर्दीतील कार्ये होत. एप्रिल १९५२ मध्ये त्यांनी अधिकारपद सोडिले. त्यानंतर १९५४ पर्यंत ते लंडनमध्ये हिंदुस्थानचे हाय कमिशनर होते. १९५४ साली त्यांस पद्मविभूषण हा बहुमान मिळाला, आणि १९५५ साली नेमलेल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष झाले. ८ मार्च १९५७ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर चोवीस दिवसांनी, म्हणजे १ एप्रिल १९५७ रोजी, कृषिदिन उजाडला. सुधारलेल्या कुळकायद्याप्रमाणे त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले असे मानले गेले. ज्या कायद्याचा पाया त्यांच्या मंत्रिमंडळाने घातला त्याचा कळस पाहण्यास ते उरले नव्हते.

पुढे महाराष्ट्र राज्य झाले. १९७२ च्या भीषण दुष्काळातून गेल्यावर ह्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, आणि शहरांतील व्यवसायकराचा पैसा खेड्यातील बांधबंदिस्ती, पाझर तलाव व वृक्षलागवड ह्यांवरील मजुरीकडे वळविला. वि. स. पागे ह्यांच्या ह्या योजनेचे लोण २००५ साली साऱ्या देशास पोचले. विचार नवा होता, पण प्रश्न बाळासाहेबांच्याच वेळचा होता. हजेरीपट खरा कोण लिहितो, मजुरी कोणाच्या हाती पडते, आणि काम मागणाऱ्यास कचेरीच्या पायरीवर किती दिवस बसावे लागते, ह्यांवरच अशा सर्व योजनांचे यश ठरते.

बाळासाहेबांच्या चरित्रापासून काय घ्यावे असे कोणी विचारील, तर आम्ही दोन गोष्टी सांगू. पहिली ही की, खेड्यांसाठी व रानांसाठी मोठ्या रकमा मंजूर झाल्याचे वाचून लगेच हर्ष मानू नये. ती रक्कम कोणत्या वाटेने जाणार व वाटेत कोण उभे आहे हे आधी पाहावे. दुसरी ही की, ज्याच्यासाठी खर्च करावयाचा त्याचे बोलणे कडू लागले तरी ऐकावे. पहिली गोष्ट बाळासाहेबांनी करून दाखविली. दुसरीत ते एकदा चुकले, आणि त्यांची चूकही आम्हांस शिकविते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे खर्डीच्या किंवा टोकावड्याच्या रानात कुऱ्हाड चालवीत असतील, आणि मुकादमाच्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे हे त्यांस कधीच कळले नसेल. तुम्हांस आज ते वाचता येते. सुटीत घरी जाल तेव्हा आपल्या गावच्या संस्थेची वही, शिधापत्रिका, हजेरीपट, जमिनीचा सातबारा, जे काही वडीलधाऱ्यांपुढे येईल ते त्यांस मोठ्याने वाचून दाखवा. तिजोरीपासून झोपडीपर्यंतच्या वाटेचा शेवटचा तुकडा अद्यापि अपुरा आहे, आणि तो बांधण्याचे काम आता तुमच्याकडे आले आहे.